‘इतर’ रकान्यातलं शहर

संशोधन अनुदानाचा ऑनलाइन अर्ज भरताना कुठेतरी एक यादी उघडते: अधिवास निवडा. जंगल, गवताळ प्रदेश, पाणथळ, वाळवंट, डोंगर, समुद्र. शहरातल्या चिमण्यांवर, नाल्यातल्या किड्यांवर किंवा फुटपाथच्या फटीत उगवणाऱ्या गवतावर काम करू पाहणारा विद्यार्थी त्या यादीवरून दोनदा वर-खाली फिरतो आणि शेवटी ‘इतर’वर टिचकी मारतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या अधिवास-वर्गीकरणात शहराला निदान स्वतःचा क्रमांक आहे, १४.५. पण तोही ‘कृत्रिम’ या मथळ्याखाली, शेतजमीन, कुरणं आणि लागवडीच्या पंगतीत बसवलेला.

ती टिचकी महागात पडू शकते. अर्ज कोणत्या परीक्षकाच्या टेबलावर जाणार, हे अनेक ठिकाणी त्या रकान्यावरून ठरतं. निसर्गसंवर्धनाला पैसे देणाऱ्या संस्थेचा परीक्षक संकटग्रस्त प्रजाती शोधत असतो; त्याला रस्त्याकडेच्या झाडावरचा सर्वसामान्य पक्षी म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटते. नगररचनेच्या बाजूचा परीक्षक विचारतो, यात पक्षी कशाला? शहरी परिसंस्थाशास्त्रातल्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना पैसा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच. बऱ्याचदा तो वेगळ्या नावाच्या खणात पडून असतो आणि इकॉलॉजीचा विद्यार्थी ते खण उघडत नाही.

मुळात हा विषय उभा राहिला तोच अडचणीतून. पश्चिम बर्लिनभोवती १९६१ साली भिंत उभी राहिली आणि तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा गावाबाहेरच्या रानाशी संबंध तुटला. हर्बर्ट सुकोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारतींच्या पडीक जागांवर काय उगवतंय याच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. त्या ढिगाऱ्यांवरच्या नोंदी आज या विषयाचा पाया मानल्या जातात. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेची दीर्घकालीन परिसंस्था-संशोधनाची योजना १९८० साली सुरू झाली, पण शहराला तिच्यात जागा मिळायला १९९७ उजाडावं लागलं. त्या वर्षी बाल्टिमोर आणि फिनिक्स ही दोन शहरं आत घेतली गेली. विद्यार्थ्याच्या दृष्टीनं अशा दीर्घकालीन केंद्रांचं मोल त्यांच्या फेलोशिपहून मोठं असतं. तिथे जागा ठरलेल्या असतात, परवानग्यांच्या फायली आधीच उघडलेल्या असतात, तापमानाच्या आणि पाण्याच्या जुन्या नोंदी तयार असतात. हे सगळं स्वतःच्या अनुदानातून उभं करायचं म्हटलं तर पहिलं वर्ष त्यातच संपतं. फिनिक्समधल्याच कामातून २००३ साली एक निष्कर्ष पुढे आला, की वस्तीचं उत्पन्न जास्त तिथे वनस्पतींची विविधताही जास्त. दोनशेच्या आसपास जागा पाहिल्याशिवाय असं काही म्हणता येत नाही, आणि एवढ्या जागा एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातल्या नसतात.

याच फाउंडेशनची आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात प्रबंधाला पूरक म्हणून दिलं जाणारं छोटं अनुदान पर्यावरणीय जीवशास्त्राच्या विभागानं २०१७ साली बंद केलं. कारण काय, तर अर्ज तपासण्याचा बोजा झेपत नव्हता. छोट्या अर्जाला मोठ्या अर्जाइतकेच परीक्षक लागतात, हे त्यातलं साधं गणित. सामाजिक शास्त्रांच्या काही विभागांत मात्र त्याच धर्तीचं अनुदान पुढे चालू राहिलं. म्हणजे एकाच विद्यार्थ्याचा एकच प्रश्न ‘झाडांची विविधता’ म्हणून मांडला तर दार बंद आणि ‘कोणत्या वस्तीत झाडं कोण लावतं, कोण तोडतं’ म्हणून भूगोलाच्या दारानं नेला तर निदान आत घेतला जाणार. दुसरा प्रश्न कमअस्सल मुळीच नाही. उलट शहरात तोच जास्त खरा असतो.

खण कोणकोणते, ते आता पाहू. पहिला वृक्षनिगेचा. अमेरिकेतला ट्री फंड रस्त्याकडेच्या आणि बागेतल्या झाडांवरच्या संशोधनाला पैसे देतो. मुळांना जागा किती लागते, खोदकामानंतर झाड किती वर्षांनी वाळतं, छाटणीनंतर जखम कशी भरते असले प्रश्न तिथे घरचे आहेत. दुसरा पाण्याचा. पावसाचं पाणी मुरवण्यासाठी बांधलेल्या तळ्यांत चतुर येतात का, बेडूक टिकतात का, हे त्या तळ्यांची निगा राखणाऱ्या खात्याला हवं असतं, कारण चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. तिसरा आरोग्याचा: उंदीर, डास, परागकणांची ॲलर्जी, उष्णतेच्या लाटा. चौथा वास्तुरचना आणि प्रकाशयोजनेचा: काचेवर आपटून मरणारे पक्षी, रात्रीच्या दिव्यांभोवती घोटाळणारे पतंग. या खणांतला पैसा उद्योगाकडून किंवा खात्याकडून येतो तेव्हा करारातलं एक कलम डोळे फाडून वाचावं: निष्कर्ष छापण्याआधी त्यांची मंजुरी लागणार का? ‘माहितीसाठी तीस दिवस आधी मसुदा द्यावा’ इथपर्यंत ठीक. ‘मंजुरीशिवाय प्रसिद्ध करू नये’ असं असेल तर तो पैसा प्रबंधासाठी घेऊ नये. या बाबतीत मध्यममार्ग नसतो.

पाचवा खण प्राण्यांच्या गटांवर काम करणाऱ्या विद्वत्संस्थांचा. अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी, विल्सन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी, अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमॉलॉजिस्ट्स, ॲनिमल बिहेवियर सोसायटी या सगळ्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाला छोटी अनुदानं देतात. इथे शहर ‘इतर’ ठरत नाही, कारण परीक्षकाला पक्ष्यात किंवा वर्तनात रस असतो आणि तो पक्षी कुठे बसलाय हा पुढचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी सभासद व्हावं लागतं. विद्यार्थ्याची वर्गणी कमी असते आणि ती अर्जाच्या तारखेच्या बऱ्याच आधी भरलेली बरी. सिग्मा झाय या संशोधकांच्या संस्थेची संशोधन-मदत योजना १९२२ पासून चालू आहे. तिच्यात सभासद नसलेलाही अर्ज करू शकतो, पण पैशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग सभासदांसाठी किंवा ज्यांचा मार्गदर्शक सभासद आहे त्यांच्यासाठी राखलेला असतो. गाईडनं सभासदत्व कधीच सोडून दिलेलं असतं आणि विद्यार्थ्याला ते निकालानंतर कळतं, असंही होतं.

विकसनशील देशांत काम करणाऱ्यांसाठी रफर्ड फाउंडेशनची टप्प्याटप्प्यानं मिळणारी अनुदानं आहेत. पहिलं नीट पार पाडलं तर पुढचं. मात्र ही संस्था संवर्धनाची आहे. फी, शिष्यवृत्ती, परिषदेचा प्रवास यांना तिथे थारा नाही आणि नुसतं वर्णनात्मक संशोधनही चालत नाही. शहरातल्या कामाला तिथे जागा आहे, पण ‘कोणत्या प्रजाती आढळतात याची यादी’ एवढ्यावर भागत नाही; त्या यादीचं पुढे कोण काय करणार, ते लिहावं लागतं. आयडिया वाइल्ड ही संस्था तर पैसे देतच नाही, उपकरणं देते. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), दुर्बीण, जीपीएस. ज्यांच्या विद्यापीठात परदेशी खरेदीची फाइल सहा महिने फिरते, त्यांना हे रोख रकमेहून सोयीचं वाटेल. युरोपात पूर्ण पगाराची पीएच.डी. हवी असेल तर युरोपीय संघाच्या मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा पाहाव्यात. तिथला एक नियम भल्याभल्यांना आडवा येतो: भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा मुख्य काम केलेलं चालत नाही. त्याच देशात दोन वर्षांचं एम.एस्सी. करून लगेच अर्ज केला की गुणवत्ता बघण्याआधीच नाव कटतं.

आता बजेट. बजेट हा अर्जाचा कंटाळवाणा भाग समजून शेवटच्या रात्री भरला जातो. खरं तर अनुभवी परीक्षक सारांश वाचला की आधी बजेटच उघडतो, कारण विद्यार्थ्यानं सगळं काम डोळ्यांपुढे आणून पाहिलंय की नाही हे तिथे लपत नाही. एक उदाहरण जवळून पाहू: रस्त्याच्या गोंगाटात पक्ष्यांचे आवाज कसे बदलतात, हे २४ जागांवर ध्वनिमुद्रण करून तपासायचं आहे.

ऑडिओमॉथ हा छोटा, तळहातात मावणारा रेकॉर्डर यासाठी बराच वापरला जातो. त्याला तीन पेन्सिल सेल आणि एक मायक्रो एसडी कार्ड लागतं. बहुतेक अर्जांत इथे ‘रेकॉर्डर, २४ नग’ एवढंच लिहिलेलं असतं. पण हिशोब पुढे आहे. ४८ किलोहर्ट्‌झवर १६ बिटचं मोनो ध्वनिमुद्रण केलं तर एका मिनिटाला ५.७६ एमबी जागा लागते. दर पाच मिनिटांतलं एक मिनिट मुद्रित करायचं ठरवलं तर दिवसाची २८८ मिनिटं, म्हणजे सुमारे १.६६ जीबी. ६४ जीबीचं कार्ड ३८ दिवस पुरेल. पैसे वाचवायला ३२ जीबीचं घेतलं तर विसाव्या दिवशी रेकॉर्डर मुका होतो, आणि हे कळतं तिसाव्या दिवशी. चोवीस जागांचा महिनाभराचा डेटा सुमारे १.२ टीबी होतो. एकच प्रत ठेवणं म्हणजे प्रत नसण्यासारखंच, तेव्हा दोन हार्ड डिस्क. सेल महिनाभर टिकतील का, हे रेकॉर्डर घरी महिनाभर चालवून पाहिल्याशिवाय लिहू नये. कार्डाचा ब्रँड बदलला तरी वीज खाण्याचं प्रमाण बदलतं.

यापुढची ओळ जवळजवळ प्रत्येक अर्जातून गायब असते: ऐकणार कोण? चोवीस जागा, तीस दिवस, रोज २८८ मिनिटं मिळून ३,४५६ तास होतात. सगळं ऐकायचं नाहीच. यंत्रानं ओळख करून घेता येते. पण यंत्राची ओळख बरोबर आहे का, हे तपासायला कानांनी ऐकलेला नमुना लागतो. प्रत्येक जागेचे पाच दिवस, दिवसाची पहाटेची दहा मिनिटं घेतली तरी वीस तासांचं मुद्रण होतं. वर्णपट (आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांचं चित्र) समोर ठेवून, मागेपुढे करत, नोंद करत ऐकायला तिप्पट वेळ लागतो असं धरलं तर साठ तास. शिवाय त्यातला पाचवा भाग दुसऱ्या माणसाकडून पुन्हा ऐकून घ्यायला हवा, म्हणजे आणखी बारा. हे ७२ तास ‘मदतनीस मानधन’ म्हणून बजेटमध्ये लिहिले, तर ती भीड वाटण्याजोगी गोष्ट नाही. न लिहिले तर परीक्षकाला शंका येते की या माणसानं एक फाइलही अजून उघडलेली नाही.

आणि नग २४ लिहायचे नाहीत. जंगलात उपकरण हत्ती उचकटतो, माकड ओढतं. शहरात ते चोरीला जातं, रंगकाम करणारा उतरवून ठेवतो, फांदी छाटताना खाली येतं. पंधरा टक्के राखीव धरले तर २७.६, म्हणजे २८. त्या चार जादा नगांपुढे एका ओळीत कारण लिहावं. ‘नादुरुस्ती व चोरी गृहीत धरून’ एवढं पुरतं. कारण न लिहिता २८ मागितले की चार कापले जातात.

त्याच जागांवर स्वतः जाऊन कोणता पक्षी कुठे हजर आहे हे नोंदवायचं असेल तर फेऱ्यांचा आकडा अंदाजानं लिहून चालत नाही. एखादा पक्षी जागेवर असताना एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ०.४ असेल, तर तीन फेऱ्यांनंतर निदान एकदा दिसण्याची शक्यता ०.७८, चार फेऱ्यांनंतर ०.८७, पाच फेऱ्यांनंतर ०.९२. चौथ्या फेरीनं जेवढं हाती लागतं त्याहून पाचवीनं कमी लागतं; पैसे तुटपुंजे असतील तर चारवर थांबावं आणि हे आकडे प्रस्तावात लिहून टाकावेत. एका पहाटे चार जागा होतात असं धरलं तर एका फेरीला सहा पहाटा, चार फेऱ्यांना चोवीस. पाऊस, वारा, रस्ता बंद यांसाठी वीस टक्के वाढवले की २९. प्रवासखर्चाच्या रकान्यात ‘२९ पहाटा’ असा आकडा दिसला की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही.

उपकरणाची अचूकता आणि प्रश्न यांची गाठ न पडणं ही दुसरी नेहमीची चूक. बागेतली सावली आणि शेजारचा रस्ता यांच्या हवेच्या तापमानातला फरक मोजायला बटणाएवढे तापमापक मागितले जातात. डीएस१९२१जी या जुन्या, स्वस्त मॉडेलची अचूकता अधिक-उणे एक अंश सेल्सिअस असते आणि ते २,०४८ नोंदी साठवतं. अर्ध्या तासाला एक नोंद घेतली तर बेचाळीस दिवस. मोजायचा फरकच दीड-दोन अंशांचा असेल तर अर्धी लढाई उपकरणानंच हरलेली. लावण्याआधी सगळे तापमापक पिशवीत गुंडाळून एकत्र बर्फाच्या पाण्यात ठेवून त्यांच्यातला आपसातला फरक नोंदवला तर बरंच सावरता येतं. ऊन अडवणारं आवरण नसेल तर मात्र काही वाचवता येत नाही. उन्हात उघडा तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. आवरण हे बजेटमधल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी.

मातीतलं शिसं मोजायचं असेल तर नमुने साठ आणि पैसे साठांचे, असं लिहू नये. मोजमाप बरोबर आहे का ते तपासायला दहा टक्के दुबार नमुने सहा, माती न घातलेले कोरे तीन, शिशाचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या प्रमाणित मातीचे तीन. प्रयोगशाळेचं बिल ७२ चं येणार.

फुकट मिळतं ते विकत मागणं हाही एक गमतीदार प्रकार आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पासून मोफत आहेत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रंही मोफत. काँक्रीटखालची जमीन किती टक्के हे प्रत्येक जागेभोवती पाचशे मीटरच्या वर्तुळात काढायला एवढं पुरतं. घराघरातलं अंगण वेगळं दिसायला हवं असेल तेव्हाच महागड्या चित्रांची गोष्ट. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर हौशी लोकांनी केलेल्या पक्षी-प्राणी-वनस्पतींच्या नोंदीही मोफत, पण त्या रस्त्यांच्या, बागांच्या आणि सुखवस्तू वस्त्यांच्या आजूबाजूला दाटलेल्या असतात. ‘आमच्या जागा मुद्दाम तिथे आहेत जिथे या नोंदी नाहीत’ हे वाक्य लिहिता आलं तर अनुदानाची गरज आपोआप सिद्ध होते. कॅमेरा ट्रॅप लावणार असाल तर शिकागोतून सुरू झालेल्या शहरी वन्यजीव माहिती जाळ्यात सामील व्हायचा विचार करावा. वर्षातून चार वेळा, एकाच पद्धतीनं अनेक शहरं कॅमेरे लावतात. पद्धत आयती मिळते आणि एका शहराचा छोटा अभ्यास मोठ्या तुलनेत बसतो.

प्रस्तावाच्या भाषेबद्दल थोडं. पहिलं वाक्य बहुधा हेच असतं: २०५० सालापर्यंत जगातली ६८ टक्के लोकसंख्या शहरांत राहणार आहे. आकडा संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजातला, बरोबरच आहे. पण त्या आठवड्यात परीक्षकानं वाचलेल्या प्रत्येक शहरी अर्जाची सुरुवात तीच असते आणि जगाची लोकसंख्या वाढल्यामुळे या २४ जागांचं काय, याचं उत्तर त्यात नसतं. त्याऐवजी आधीच्या कामाला जिथे धागा सुटलाय तिथे सुरुवात करावी. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली दाखवलं गेलं की गोंगाटाच्या जागेतले ग्रेट टिट पक्षी किमान वारंवारिता, म्हणजे गाण्यातला सर्वांत खालचा स्वर, वर नेऊन गातात. पुढे एक गंभीर आक्षेप आला: वर्णपटावर डोळ्यांनी किमान वारंवारिता मोजली तर गोंगाट गाण्याचा खालचा भाग झाकतो आणि गाणं वर गेल्याचा नुसता भास होतो. आता प्रस्ताव लिहायचा तर तो इथून. डोळ्यांऐवजी ऊर्जेच्या उंबरठ्यावरून, म्हणजे आवाजाची ऊर्जा ठरावीक पातळी ओलांडते तिथून, मोजमाप करणार, शांत ध्वनिमुद्रणात मुद्दाम गोंगाट मिसळून मोजमापाची चूक किती ते आधी काढणार, मग २४ जागांवर जाणार. तीन वाक्यांत परीक्षकाला कळतं की समोरच्याला विषयातला खड्डा कुठे आहे ते माहीत आहे.

जुन्या नोंदींची किंमत याच विषयानं एकदा दाखवली. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोतली रहदारी थांबली तेव्हा तिथले डोक्यावर पांढरे पट्टे असलेले स्पॅरो पक्षी हळू आवाजात आणि तरीही दूरवर ऐकू जाईल असं गाऊ लागले. हे सांगता आलं, कारण त्याच जागांवरची आधीच्या वर्षांची ध्वनिमुद्रणं कोणीतरी करून ठेवली होती. ‘पायाभूत नोंदी’ या नावाखाली पैसे मागितले तर क्वचितच मिळतात, ही खंत आहे. त्यामुळे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात घालून मागाव्या लागतात. प्रश्न एका हंगामाचा, पण जागांची अचूक स्थानं, रेकॉर्डरची उंची आणि दिशा, सेटिंग हे सगळं अशा रीतीनं लिहून ठेवायचं की दहा वर्षांनी कोणी पुन्हा तिथेच उभा राहू शकेल.

परवानग्यांना शहरात लागणारा वेळ जंगलाला लागणाऱ्या वेळेहून जास्त असतो, यावर जंगलवाल्यांचा विश्वास बसत नाही. अभयारण्यात एक कार्यालय असतं. शहरातल्या चोवीस जागांचे मालक सतरा असू शकतात: शाळा, दवाखाना, दफनभूमी, रेल्वे, सोसायटी, एखादं कुटुंब. अर्जासोबत सगळी ना-हरकत पत्रं जोडणं शक्य नसतं. पण तीन-चार मोठ्या मालकांची पत्रं आणि बाकीच्यांसाठी पर्यायी जागांची यादी जोडता येते. चोवीस हव्या असतील तर तीस निवडून ठेवाव्यात. कॅमेरा आणि रेकॉर्डर माणसांनाही टिपतात, हे नैतिकता समितीपुढे आपणहून मांडावं: कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला, वाटेकडे तोंड न करता, माणसांची चित्रं पहिल्या चाळणीतच पुसणार, बोलणं ऐकू आलं तर तो तुकडा वापरणार नाही. समितीनं विचारल्यावर हेच सांगायला गेलं की दोन महिने जातात. प्रत्येक डब्यावर काय आहे, कशासाठी, कोणाचं, फोन नंबर, हे स्थानिक भाषेत मोठ्या अक्षरात चिकटवावं. खांबाला बांधलेला वायर-बॅटरीचा निनावी डबा पाहून लोक पोलिसांना बोलावतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

वेळापत्रक उलटं मांडावं. विणीचा हंगाम ज्या महिन्यात सुरू होतो तिथून मागे: उपकरणं तपासायला एक महिना, खरेदी आणि सीमाशुल्काला दोन, करार होऊन पैसे खात्यात यायला दोन, निकालाला चार. नऊ महिने इथेच झाले. लिथियम बॅटऱ्या विमानानं पाठवायला वेगळे नियम असतात. त्या जिथे काम आहे तिथेच घेतलेल्या बऱ्या. हंगाम चुकला तर एक महिना उशीर होत नाही, वर्ष जातं.

पैसे कोणत्या वाटेनं येणार हेही आधीच विचारावं. काही संस्था विद्यार्थ्याच्या खात्यात देतात, काही विद्यापीठाच्या. विद्यापीठ स्वतःचा व्यवस्थापन-वाटा कापतं आणि अनेक छोट्या अनुदानांत तो वाटा देण्याची मुभाच नसते. मग तो माफ केल्याचं पत्र लेखा विभागाकडून आणावं लागतं, आणि असं पत्र कसं लिहायचं हे तिथे फार थोड्यांना माहीत असतं. सर्वांत वाईट पद्धत म्हणजे ‘आधी खर्च करा, पावत्या द्या, मग भरपाई’. कागदावर सगळ्यांना सारखी दिसणारी ही अट घरातून उसने मिळू शकतात त्यालाच पेलते. ही अट बदलून आगाऊ हप्ता मागता येतो. बरेच जण मागत नाहीत, कारण मागता येतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

नकार येणारच. त्यात परीक्षकांचे शेरे येत असतील तर ते दोन दिवस बाजूला ठेवून मग वाचावेत. ‘शहरी अधिवासात या प्रश्नाचं महत्त्व स्पष्ट नाही’ असा शेरा असेल तर खण चुकला. प्रस्ताव न बदलता दुसऱ्या दारी न्यावा. ‘नमुन्यांची संख्या कशी ठरवली ते कळत नाही’ असा असेल तर दार बरोबर आहे आणि दुरुस्ती घरात आहे. एकाच वेळी तीन ठिकाणी अर्ज करायला हरकत नसते, मात्र प्रत्येक अर्जात बाकीच्यांचा उल्लेख हवा आणि कोणाच्या पैशातून कोणती ओळ भागणार हे वेगळं दाखवलेलं हवं. रेकॉर्डर एकाच्या, ऐकण्याचे तास दुसऱ्याच्या, प्रवास तिसऱ्याच्या. दोघांनी एकाच ओळीला पैसे दिले की एकाला परत करावे लागतात.

काम लांबलं तर मुदतवाढीची विनंती मुदत संपण्याआधी करायची असते. बहुतेक संस्था जादा पैसे न देता वेळ वाढवून देतात, पण मुदत उलटल्यावर आलेल्या विनंतीचं काय करायचं हे त्यांनाही कळत नाही. हिशोब देताना चोरीला गेलेल्या नगांची तक्रार-नोंद आणि उरलेल्या उपकरणांची यादी जोडावी. उपकरणं संस्थेला परत करायची की प्रयोगशाळेत ठेवायची, हे करारात बघून तसं लिहावं. ठेवायची असतील तर कपाटात टाकण्याआधी प्रत्येक रेकॉर्डरमधले सेल काढावेत, कारण सेल गळले की आतल्या पट्ट्या गंजतात. डब्यावर क्रमांक आणि शेवटची तपासणी-तारीख टाकावी. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या अर्जात मग ‘रेकॉर्डर’ या ओळीपुढे शून्य येतं, आणि त्याला सगळी रक्कम ऐकण्याच्या तासांसाठी मागता येते.